ओरखड्यांचे पैसे वेगळे

— अरे, चपला बाहेर नको ठेवूस, आत घे, आत. बाहेर ठेवल्या तर समोरच्यांचा बोका त्यांच्यावर येऊन झोपतो, आणि उठवायला गेलं की आपल्यावरच गुरगुरतो. हां, दारामागे ठेव. बस. पंखा लावते थोडा — डिसेंबर असला तरी तीन जिने चढून आलायस. तू ब्रायन ना? तेच म्हटलं. अक्षदा सांगून गेलीय, आई, सहा वाजता ब्रायन नावाचा मुलगा गिटार बघायला येईल, तोपर्यंत मी पोचतेच. आणि तू चारलाच हजर! ऑफिसातून लवकर सोडलं, की धीर निघेना? हसतोयस म्हणजे धीर निघेना. असू दे रे, मी पण लहानपणी जत्रेत दुपारीच जाऊन बसायचे, दुकानं लागायच्या आधी.

दादरचा ना तू? मग मराठी चांगलंच असणार. नाही, मी आपली इंग्लिशची तयारी करून बसले होते — 'सिट, सिट, शी इज कमिंग' — बरं झालं, वाचले. चहा टाकते. घेशीलच, नाही म्हणू नकोस. अक्षदाने मला बजावून ठेवलंय — आई, तू फक्त पाणी दे, जास्त बोलू नकोस, किमतीचं तर अजिबात बोलू नकोस, तुला त्यातलं कळत नाही. आता घरात माणूस येऊन बसल्यावर मी काय भिंतीकडे बघत बसू? आणि कळत नाही कसं? घेतली तेव्हा सगळं समजावलं होतं तिने मला. चार दिवस समजावत होती, कारण मी चार दिवस भांडत होते.

मी विचारलं, ही गिटार कुठल्या सालची? म्हणाली, दिसते साठ-बासष्टची, पण बनवलीय यंदाच. मग जुनी की नवी, एक काय ते सांग. तर म्हणे नवीच, पण जुन्या मापाने, जुन्या पद्धतीने, आवाज पकडणाऱ्या चुंबकावरची आतली तारसुद्धा त्या काळी गुंडाळायचे तशीच गुंडाळलेली. कंपनी आपलीच जुनी वस्तू परत काढते, तिला रीइश्यू म्हणतात. बरं, आणि खरोखरची बासष्ट सालची पाहिजे असेल तर? तर आई, आपली ही खोली विकावी लागेल, म्हणाली, आणि वर थोडे उसने घ्यावे लागतील. मग मी म्हटलं, हिचे तरी एवढे का? वीस हजाराला चांगली वाजणारी येते, ज्युलिएटकडे आहे ती — ज्युलिएट म्हणजे तिची मैत्रीण, गिरगावातली — तिची काय वाजत नाही? तर अक्षदा म्हणाली, आई, ही 'तशीच' आहे ना, त्याचे पैसे.

आणि मग माझं मलाच हसू आलं. कारण मी काय करते? मी आखणी करते. म्हणजे गणपतीचे डोळे. इथे परळलाच, कारखान्यात. साचा दुसरे भरतात, रंग दुसरे मारतात, डोळे माझ्याकडे. तर गिरगावातलं एक घर आहे, दरवर्षी पाट घेऊन येतं आणि बरोबर एक फोटो — काळा-पांढरा, कोपरा उंदराने खाल्लेला — त्यांच्या आजोबांच्या वेळचा गणपती. तसाच पाहिजे. सोंडेचं वळण तेच, पितांबराची घडी तीच, डोळे तसेच जरा खाली झुकलेले, जसे काय नैवेद्याच्या ताटात बघतायत. साध्या मूर्तीच्या दुप्पट देतात, आणि घासाघीस नाही. का? माती तीच, रंग तोच, हात माझाच. पण 'तसाच' आहे ना, त्याचे. आणि आमच्यात तर मूळची मूर्ती असते कुठे? समुद्रात. दरवर्षी समुद्रात. म्हणजे आमच्याकडे जे काय असतं ते सगळं रीइश्यूच की! मग मी कुठल्या तोंडाने भांडू? म्हटलं, घे बाई.

साखर किती? एक? आमच्याकडे एकवाले कोणी नाहीत, दोन घालते.

आता विकतेय का, ते विचारायचंय ना तुला? विचारलं नाहीस, पण डोळ्यांत दिसतंय. मला डोळ्यांतलं दिसतं, तोच धंदा आहे. घाबरू नकोस, गिटारीत खोट नाही. ज्युलिएटच्या वाडीत तळमजल्याची एक खोली रिकामी झालीय. ती दोघी मिळून भाड्याने घेणार. सकाळ-संध्याकाळ मुलांना गिटार शिकवायची, मधल्या वेळात लोकांच्या गिटारी दुरुस्त करायच्या, ते ज्युलिएटला येतं. डिपॉझिटमधला अक्षदाचा वाटा दोन लाख, तो सोमवारी द्यायचाय, म्हणून ही दोन लाखाला काढली. आत्ता दोघी तिकडेच गेल्यात, मालकाला भेटायला. आणि नोकरी? लोअर परळला एसीत बसून चांगली नोकरी करते, ती सोडणार. सोडणार म्हणजे सोडणार.

मी काय म्हणाले? मी काहीच म्हणाले नाही. नको म्हटलं असतं तर भांडण झालं असतं, भांडण बरं असतं, मोकळं होतं माणूस. मी नुसती गप्प बसले. भाजी वाढू का, भात हवा का, डबा भरलाय — एवढंच. ती पण माझीच मुलगी, ती पण गप्प. ज्या दिवशी जाहिरातीचे फोटो काढले ना, तिथे खिडकीपाशी, उजेडात, त्या दिवशी तिने गिटार पेटीत ठेवली आणि पेटी कपाटावर टाकली. तेव्हापासून खाली काढलेली नाही. बघवत नाही तिला. आधी रोज पहाटे वाजवायची, ऑफिसला जायच्या आधी, त्या डब्याला न जोडता — स्पीकरचा डबा रे — नुसती टिंग टिंग, शेजाऱ्यांना त्रास नको म्हणून. मी पिठाचं बघत असायचे आणि ती इथे, या लोखंडी ट्रंकेवर बसून, डोळे मिटून. आता घरात सकाळी फक्त कुकरचा आवाज. मग मी स्वतःलाच म्हटलं, ललिता, तोंडाने तर तुझ्याच्याने काय बोलवत नाही. मग हाताने कर काहीतरी.

तू फोटो बघितलेस ना? हां. ते विसर. विसर म्हणते ना! ते फोटो बघून तू तीन जिने चढलास याचंच मला नवल वाटतंय. रंगाचे टवके उडालेले, कडा लाकडापर्यंत घासलेल्या, स्क्रू गंजलेले, पांढरी बटणं चहा सांडल्यासारखी पिवळी. मी तिला तेव्हाच म्हटलं होतं, अगो बाय, ही अशी काय? तर म्हणाली, आली तेव्हापासून अशीच आहे. मी समजले काय ते. दुकानदाराने कोणाची तरी वापरलेली हिच्या गळ्यात मारली, आणि आता आईला सांगायची लाज वाटतेय. मग मी पण नाही विचारलं पुढे. पोरीने पगारातून हप्ते भरून आणलेली वस्तू, तिला कशाला सांगायचं की बाई तू फसलीस? पण आता विकायची म्हटल्यावर माझ्या डोक्यात आलं — अशा अवतारात हिचे दोन लाख कोण देणार? येणारा माणूस आधी ते टवकेच मोजणार. तर तेवढं आपण बघू. तिला सांगायचंच नाही. गिऱ्हाईक येईल, पेटी उघडेल, आणि तीही तेव्हाच बघेल. आता ती नाहीये तर नाही, तू तरी बघ.

थांब, मी काढते कपाटावरून, तू नको, त्या कपाटाचा पाय हलतो. — हां. घे. उघड. तूच उघड, खटके दोन्ही एकदम दाब.

काय?

बोल ना! ओळखू नाही ना आली? मला माहीत होतं. सुशांतचं पण असंच झालं होतं. सुशांत म्हणजे आमच्या कारखान्यात गन मारतो तो — रंगाची गन रे, फवारा — मी म्हटलं, सुशांत, एक घरचं काम आहे, आता सीझन नाही, माघीच्या थोड्या मूर्ती सोडल्या तर कॉम्प्रेसर नुसता बसून आहे. अक्षदा ऑफिसला गेली की मी टॅक्सीत घालून न्यायचे आणि ती यायच्या आत परत कपाटावर. सगळे स्क्रू काढून कुंकवाच्या डबीत ठेवले, एक हरवला नाही. आणि गंमत सांगू? ती पांढरी प्लेट काढली ना वरची, तर तिच्या खाली खरा रंग सापडला! आकाशी. असा छान, दिवाळीनंतरच्या सकाळसारखा. वर सगळा हिरवट-पिवळा पडलेला आणि खाली लपून बसलेला हा. तोच धरून मी रंग काढला. डब्यातला नाही, स्वतः मिसळून. आधी पॉलिश पेपर मारला, मग टवक्यांत लांबी, म्हणजे पुट्टी, भरली, परत पेपर, मग सुशांतने तीन हात मारले आणि वरून लॅकर. बघ, तोंड दिसतंय त्यात! स्क्रू रॉकेलमध्ये भिजवून चिंचेने घासले. बटणं टूथपेस्टने. तारा सुशांतने लावल्या, तो बेंजो पार्टीत आहे, त्याला येतं. एक पैसा घेतला नाही त्याने. मी म्हटलं, वडापाव तरी घे. वडापाव घेतला.

मग? आता दोन लाख वाटते ना?

— हे काय, असा वाकून काय शोधतोयस? बरं वाटत नाहीये का तुला? उन्हातून आलास... फोनमध्ये काय दाखवतोयस? हो, हाच फोटो. हो, हाच टवका, इथे होता, बरोबर इथे, अंगठ्याएवढा, सगळ्यात जास्त लांबी त्यात गेली. आता बघ बोट फिरवून, लागतंय काही? — अरे मग चांगलं नाही का ते?

कोणी? कंपनीने?

थांब. परत सांग, सावकाश सांग. नवी कोरी गिटार बनवली. रंगवली. आणि मग एक माणूस बसवला तिला खरवडायला? पगार देऊन? आणि स्क्रू पण त्यांनीच गंजवले? चेष्टा करतोयस माझी. — कसला कागद? हो, आहे ना पेटीच्या खिशात, मला वाटलं गॅरंटी कार्ड. दे इकडे. माझा चष्मा... तू वाच. — हाताने. हाताने जुनी केलेली. आणि खाली त्या माणसाची सही. अरे देवा. आमच्या शेठने कधी मला मूर्तीवर सही करू दिली नाही, आणि तो टवके पाडून सही करतो?

आणि बिनटवक्यांची पण मिळते ना, हीच, अशीच? तिची किंमत? नवीन दीड. आणि टवक्यांची तीन. म्हणजे ओरखड्यांचे पैसे वेगळे. गिटारीएवढेच ओरखड्यांचे. आणि आता ही... स्पष्ट सांग, मी रागावणार नाही. — लाख. तेही तू म्हणून, दुसरा हातच लावणार नाही? कारण आता ही धड कंपनीची जुनी नाही की धड कंपनीची नवी नाही. परळची आहे.

माझं ऐक. तू आधी वाजवून बघ. वाजव ना, अशीच, न जोडता.

...

आवाज बदललाय का? खरं सांग हां, तुझ्या गळ्यातल्या त्या क्रॉसला हात लावून. — नाही ना? तोच आहे ना? मी रोज ऐकलाय, मला कळतं. लाकूड तेच, तार तीच, गुंडाळी तीच, आवाज तोच. मग तू दोन लाख कशाचे देणार होतास रे? काय आवडलं होतं तुला त्या फोटोत? — मान खाली नको घालूस, मी मास्तरीण नाही. सांग. — चाळीस वर्षं वाजवलेल्या माणसाची दिसते तशी. बरं. म्हणजे वाजवल्यासारखी दिसायला पाहिजे. मग वाजव ना चाळीस वर्षं! फुकट पडतील टवके!

हसलास. हस, हस. मी पण हसतेय.

नाही, कळतंय मला. कळत नाही असं नाही. गेल्या गणपतीत आमच्याकडे एका मंडळाचा देखावा होता, पुठ्ठ्याचा किल्ला. कोरी भिंत पुढ्यात आली, आणि आम्ही तिला शेवाळ काढलं, तडे काढले, पावसाचे ओघळ काढले. मी एका तड्यातून पिंपळाचं रोप काढलं होतं, लोक येऊन हात लावून बघायचे. शेठने त्याचे वेगळे पैसे लावले, आणि मंडळाने आनंदाने दिले. आता त्या किल्ल्याला कोणी बाई येऊन म्हणाली असती, की बघा हो, तुमची भिंत किती खराब झालीय, मी छान चुना मारून देते — तर मी तिला जिन्यावरून ढकलली असती. आणि इथे ती बाई मीच. घरच्या घरी.

बरं, मग मी परत करून देते! का नाही? फोटो आहेत ना तुझ्या फोनात? मला फोटो दे आणि आठवडा दे. फोटोवरून तसंच करणं हेच तर माझं काम. एक-एक टवका जागच्या जागी बसवते. गंज पण आणते, मिठाच्या पाण्यात ठेवला स्क्रू की दोन दिवसांत गंजतो, मुंबईची हवाच आहे तशी. — का, खोटं होईल? अरे, मग आधीचे काय खरे होते? तिकडे एकाने खोटे पाडले त्याचे दीड लाख आणि परळच्या बाईने पाडले तर खोटे? सही पाहिजे? सही करते मी! माझीही सही चांगली आहे, बँकवाले म्हणतात.

नाही, तुझंही बरोबर. तू तरी काय करणार. उद्या तुला विकायची वेळ आली तर तू कोणाला सांगणार, ललिताबाईंनी पाडलेले टवके आहेत म्हणून.

एक सांगू का तुला, काम करताना मला एक गोष्ट खटकली होती. मी ते सगळे ओरखडे जवळून बघितले ना, एक-एक. तर सगळे एकाच हाताचे होते. एकाच बाजूला झुकलेले, एकाच जोराचे. मला वाटलं, कोणाचा तरी एकच वाईट दिवस गेला असेल. आता कळलं, नोकरी होती ती त्याची. पण एक जागा वेगळी होती. ही. इथे वर, कडेला, जिथे उजवा हात टेकतो. हात लाव. लाव ना. लागतंय? खरखरीत नाही, उलट मऊ आहे, लॅकर उडालंय आणि रंग पातळ झालाय, असा हळूहळू, कडेकडेने विरत गेलेला. असं कोणाला मुद्दाम जमणार नाही, मला पण नाही. ही कंपनीची नाही. ही तिची. रोज पहाटे इथे हात टेकून बसायची, गाऊनच्या बाहीने घासून घासून झालेली. आजूबाजूला बघ, सगळीकडे नवा रंग आणि तेवढ्याच जागी जुना. सुशांत म्हणाला, मावशी, एवढं का सोडताय, ठिगळासारखं दिसेल. मी म्हटलं, रंग संपला.

रंग कसला संपतो. अर्धा डबा अजून पडलाय कारखान्यात.

मी ती जागा झाकायला गेले, आणि नाही झाकवली. म्हणजे बघ, मी विकायला म्हणून रंगवत होते आणि... जाऊ दे. तुला काय सांगत बसलेय मी. ती म्हणाली होती, फक्त पाणी दे.

— फोन वाजला. तिचाच असणार. वाजू दे. नाही, वाजू दे, आपोआप बंद होईल... परत वाजतोय. काय सांगू मी तिला, तूच सांग? तू घेतोस? नको नको, तू कशाला, तुझा काय संबंध. दे इकडे.

हॅलो. हो, आलाय. चारलाच आलाय, धीर निघेना त्याला. — बघितली. — अक्षदा, मध्ये बोलू नकोस, मला एकदाच बोलायला जमणार आहे. मी गिटार रंगवली. सगळी. नवी केली. टवके बुजवले, स्क्रू घासले, कारखान्यात नेऊन सुशांतकडून गन मारून घेतली. मला वाटलं तू फसलीस म्हणून, मला वाटलं जास्त पैसे येतील. आता हा मुलगा म्हणतोय लाख. निम्मे गेले गं माझ्यामुळे.

अक्षदा?

रडतेयस की हसतेयस, ते तरी कळू दे. — ज्युलिएट का हसतेय मागे? — असू दे, हसू दे तिला.

काय? वरची? हात टेकायची? — नाही गं. ती नाही रंगवली. ती आहे तशीच आहे.

... हो. आहे ना.

बरं, ऐक. खोली बघितलीस? कशी आहे? — उजेड येतो? — पश्चिमेला? म्हणजे संध्याकाळी ऊन येणार, पडदे लागतील. पाण्याची टाकी आहे की नळाच्या वेळा? ते विचार आधी, मालक स्वतःहून सांगत नाहीत. आणि... आणि घे. — खोली, अजून काय. घे म्हटलं. — हो, मीच बोलतेय, दुसरं कोण आहे घरात? कमी पडतील त्याचं बघू. मी शेठकडून सीझनची उचल घेते. — घेत नाही म्हणजे कधी घेतली नाही, घेता येत नाही असं थोडंच आहे? एवढ्या वर्षांत एकदा मागितली तर शेठ काय नाही म्हणणार नाही. आणि ही विकायची की ठेवायची ते तू तुझं ठरव, माझा त्यात आता हात नको, माझ्या हाताने काय होतं ते बघितलंस. — ये. सावकाश ये. धावत येऊ नकोस.

— ठेवला.

काय रे, तू उभा का राहिलास? बस म्हणणार होते, पण नको, बसू नकोस. काय, एक लाख दहा? आणि रंग चांगला दिसतोय? आत्ता दिसला होय तुला रंग! मघाशी बघायला हवं होतंस तोंड तुझं, कोणीतरी गेल्यासारखं. नाही बाबा, माझ्याकडे किमतीचं बोलू नकोस. मला त्यातलं कळत नाही. मालकीण सहाला येणार आहे. तुला पण सहाचीच वेळ दिली होती ना? मग सहाला ये. जा, खाली कोपऱ्यावर उसाचा रस मिळतो तो पी, नाहीतर भोईवाड्याच्या देवळाशी जाऊन बस, सावली आहे. — पेटी? नाही, बंद नको करूस. उघडीच राहू दे. तुझं बघून झालं, मी अजून नीट बघितली नाहीये.

चपला दारामागे आहेत. आणि दार ओढून घे जाताना, बोका शिरतो.